सुताराची आजारभेट

सुताराची बायको त्या हंगामात वारली.

पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू. कारण गोष्ट सुरू होते त्या सकाळी ती चांगली ठणठणीत होती, अंगणात दोघांच्या करवतीचं पलीकडचं टोक धरून उभी होती आणि नवऱ्याला फैलावर घेत होती. ओढणं आणि बोलणं तिला एका दमात जमायचं. सुताराला त्यातलं फक्त ओढणं जमायचं.

"गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलंय."

"हं," सुतार म्हणाला.

"आपल्याला बोलावणार नाहीत."

"हं."

"बोलावलंच तर दाराशी बसवतील. गवंड्याकडे बसवलं होतं तसं. म्हणे, इथे वारा येतो. माणसं थंडीने काकडत होती आणि आम्हाला वारा! वाकडी चाललीय."

"कोण?"

"करवत. अजून कोण? लक्ष कुठे आहे?"

लक्ष फळीकडेच होतं. यंदा पाऊस झालाच नव्हता आणि लाकूड इतकं वाळलं होतं, की खिळा ठोकायची गरज नव्हती, नुसती हातोडी दाखवली तरी तडकायचं. बऱ्या वर्षी सुतार दारं करायचा, खिडक्या करायचा, गोठ्यातल्या गव्हाणी करायचा. यंदा गव्हाणीत घालायला काही नव्हतं, म्हणून गव्हाणी नव्हत्या. दाराआड ठेवायला काही नव्हतं, म्हणून दारंही नव्हती. चालू होती ती एक शवपेटी. शेतांतली माती वाऱ्याबरोबर उठून माणसांच्या छातीत जाऊन बसली होती. माणसं आधी खोकायची, मग अंथरूण धरायची, मग त्यांच्या घरचं कोणीतरी टोपी हातात घेऊन सुताराच्या अंगणात यायचं आणि फळ्यांकडे बघत उभं राहायचं. काय हवंय ते त्याने सांगायचं नाही आणि सुताराने विचारायचं नाही. माप सुताराला ठाऊक असायचं.

अडचण तीच होती. माणूस समोर आला की सुताराची नजर त्याच्या डोक्यावर थांबायची, तिथून पायांपर्यंत उतरायची आणि मग खांद्यांवरून आडवी फिरायची. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. शिंपी असाच बघतो आणि माणूस खूश होतो. सुतार बघायचा तेव्हा माणूस पटकन खाली बसायचा. बसलं की माप चुकतं, असं गावातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटत असे.

त्यामुळे सुताराच्या घरी कोणी येत नसे. घरात त्याने स्वतः केलेल्या मजबूत खुर्च्या होत्या, त्या सुतारीण रोज पुसायची. मूलबाळ नव्हतं. शेजार होता, पण तो कुंपणापलीकडून बोलायचा, तेही अर्धा बसून.

"कोणीतरी एकदा आत येऊन टेकावं," ती म्हणायची. "मी काय खाणार आहे त्यांना? बसावं, काय गं कशी आहेस विचारावं, उठून जावं. एवढंच."

"मी आहे ना," एकदा सुतार म्हणाला होता.

"तुम्ही घरचे," ती म्हणाली होती. "घरचं माणूस येत नाही. ते असतं."

*

चर्चमध्ये त्या वर्षी नवा पाळक आला. तरुण, सडपातळ, आणि उत्साह असा की व्यासपीठावर उभा राहिला तरी कुठेतरी निघाल्यासारखा वाटायचा. त्याने पहिल्याच महिन्यात मंडळीला सांगितलं, की तुम्ही सगळे आपापल्या उबेत पाय ओढून झोपलेले आहात.

"ज्याला जे जमतं ते त्याने बाजूला ठेवावं," पाळक म्हणाला. "जमतं ते करण्यात त्याग कसला? जे जमत नाही, ज्याची भीती वाटते, ते देवाला द्या."

मंडळीने आमेन म्हटलं. याचा अर्थ काय होतो हे त्यांना पुढच्या रविवारी समजलं.

गाणाऱ्या बाईंचा आवाज मधासारखा होता, म्हणून त्यांना अंगण झाडायला दिलं. गायकवृंद दारवानाकडे गेला. दारवान बहिरा होता आणि त्याने ही जबाबदारी फार मनावर घेतली. गवंड्याला लहान मुलांचा वर्ग मिळाला, आणि महिन्याभरात गावातली मुलं प्रार्थनेच्या सुरात शिव्या देऊ लागली. सुईणीला उंचीची भीती वाटायची, म्हणून चर्चच्या छपराचे सैल झालेले पत्रे ठोकायचं काम तिला. पाळकाने स्वतःलाही सोडलं नाही. आजाऱ्यांजवळ बसणं हे त्याला सगळ्यात चांगलं जमायचं, लोक सांगत की त्याचा हात कपाळावर पडला की निम्मा ताप उतरतो. ते त्याने बंद केलं आणि चर्चमागे शोषखड्डा खणायला घेतला.

"आता आजारभेट," पाळक म्हणाला आणि त्याने बाकांवरून नजर फिरवली. माणसं बाकांना चिकटली. "आजारभेटीला मास्तर जातील, पण मास्तर आयुष्यभर बोलले आहेत, तेव्हा ते गप्प बसतील. बोलायचं आणि प्रार्थना करायची, ती आपल्या सुतारकाकांनी."

चर्चमध्ये अशी शांतता पसरली की दारवानालाही ती ऐकू आली. त्याने वळून बघितलं.

सुताराला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मागून, बायकांच्या बाकांवरून, ओळखीचं कुजबुजणं आलं, "अहो, उभे राहा. उभे राहा ना!"

तो उभा राहिला. पुढच्या बाकावरचे दोघं खाली वाकले.

घरी जाताना सुतारीण रस्त्याच्या मधोमध चालली. "आता बघा," ती म्हणाली. "तुम्ही लोकांच्या घरात जाणार. खुर्चीवर बसणार. मग लोकांनाही आपल्याकडे यावंच लागेल. त्याला काही इलाज नाही."

*

सराव अंगणात झाला. ती कामाच्या बाकावर आडवी झाली, पदर नीट केला आणि डोळे मिटले. सुतार रंधा हातात धरून उभा राहिला.

"रंधा खाली ठेवा."

त्याने ठेवला.

"या, विचारा काहीतरी."

"काय?"

"बरं वाटतं का, म्हणून विचारा."

"बरं वाटतं का?"

ती खोकली.

"काय झालं?" सुतार दचकला.

"आजारी आहे ना मी! असं घाबरलात तर आजाऱ्याने बघायचं कोणाकडे? आता प्रार्थना."

सुताराने डोळे मिटले. "हे प्रभू," तो म्हणाला आणि थांबला. थांबला तो बराच थांबला. कोंबडी येऊन त्याच्या पायाशी भुसा उकरून गेली.

"प्रभू वाट बघतोय," सुतारीण डोळे न उघडता म्हणाली.

शेवटी तिनेच चार वाक्यं करून दिली. सोपी, धडाधड म्हणता येतील अशी. तो ती फळ्यांना, कोंबडीला आणि शेजाऱ्याच्या शेळीला म्हणून दाखवत हिंडला. शेळीचा उजवा कान जरा पडलेला होता, तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला असं सुतारीण सांगायची. पण ती त्याच्या बाबतीत काहीही सांगायची.

पहिली भेट गिरणीवाल्याच्या आईची. म्हातारी वरच्या खोलीत उशांना टेकून पडली होती. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि नेमून दिल्याप्रमाणे गप्प राहिले. त्यांच्या जबड्याची नुसती हालचाल दिसत होती, शब्द ते आतल्या आत गिळत होते. सुतार पलंगाशी उभा राहिला. म्हातारीने त्याला ओळखलं, आणि तिच्या छातीतली घरघर एकदम बंद झाली.

"अरे सुतारा, अजून मी आहे," ती म्हणाली.

"हो. म्हणूनच आलो."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

सुताराने डोळे मिटले. चारही वाक्यं नीट, ओळीने आली. पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत त्याला इतकं हायसं वाटलं की अंग सैल पडलं. अंग सैल पडलं की हात आपल्या वळणावर जातो. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर त्याचा पंजा पसरला, अंगठ्याशी करंगळी जुळत, वीत वीत करत पायथ्याकडे सरकू लागला. तोंडाने तो आरोग्य मागत होता.

"आमेन," म्हणून त्याने डोळे उघडले. म्हातारी त्याच्या हाताकडे बघत होती.

"किती भरले?" तिने विचारलं.

सुताराने हात खिशात घातला.

"विचारतेय मी. किती भरले? आणि लाकूड कुठलं घालणार? गेल्या महिन्यात माझ्या दिराला घातलंस ते पॅकिंगच्या खोक्याचं होतं, बाजूला 'उलटे ठेवू नये' असं छापलेलं होतं. मला दिसलं!" असं म्हणून म्हातारीने पांघरूण झुगारलं, पलंगावरून खाली उतरली, आणि काठी न घेता जिन्यापर्यंत चालत गेली. तिथून सुनेला हाक मारून सांगितलं, की ह्या माणसाला चहा देऊ नका.

म्हातारी बरी झाली. रागावर माणूस किती दिवस जगतो हे त्या गावाला तिने दाखवून दिलं.

पाळकाने रविवारी हे मोठ्या आनंदाने जाहीर केलं.

गावाने ते ऐकलं आणि आपापला अर्थ लावला. त्यानंतर गावात कोणी आजारीच पडेना. ज्याला खोकला यायचा तो उशीत तोंड खुपसून खोकायचा. ज्याला उभं राहवत नसे त्याला घरची माणसं खिडकीपाशी टेकवून उभं करत, आणि सुतार रस्त्याने जाताना दिसला की आजाऱ्याच्या कोपराला धरून त्याचा हात हलवत. गुराख्याला ताप होता, तो सुताराची चाहूल लागताच मागच्या खिडकीतून उडी मारून पळाला आणि दोन शेतं ओलांडून पडला. माणसं दुरूनच ओरडून सांगू लागली, "मी ठीक आहे हो, सुतारभाऊ! अगदी ठीक!"

"बघा," सुतारीण म्हणाली. "पूर्वी रस्ता ओलांडायचे. आता आपणहून बोलतात."

आजारभेटीच्या यादीत एकही नाव उरलं नाही. पाळकाने देवाचे आभार मानले. त्या हंगामात गावात आजारी असं कोणीच नव्हतं. माणसं थेट मरत होती.

पेट्यांचं काम वाढलं.

*

सुताराला ते आधी करवतीत कळलं.

दोघांच्या करवतीला एक चाल असते. तू ओढ, मी सोडतो, मी ओढतो, तू सोड. ढकलायचं नसतं, ढकललं की पातं वाकतं. इतक्या वर्षांत त्यांची चाल अशी बसली होती की सुताराला पलीकडे माणूस आहे असं वाटायचंच नाही, आपलाच दुसरा हात आहे असं वाटायचं. तो हात आता उशिरा येत होता. त्याने सोडलं की पातं क्षणभर लाकडातच पडून राहायचं, मग निघायचं, आणि अर्ध्यावर पुन्हा दम घ्यायचं.

शिवाय ती बोलत नव्हती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? ओढा."

त्याने ओढलं. करवतीचा आवाज मोठा होता, आणि त्या आवाजाखाली दुसरा आवाज होता, तो करवत थांबली की थांबायचा. सुताराने मध्येच, न सांगता, हात थांबवला. करवत गप्प झाली. खोकला गप्प व्हायला जरा उशीर झाला.

ती दोन्ही हातांनी मूठ धरून वाकली होती. मानेच्या शिरा ताठ, ओठांभोवती निळसर. पाठीवर, पोलक्याच्या कापडाखाली, बरगड्या वरखाली होत होत्या आणि घामावर भुसा चिकटला होता.

"धूळ आहे," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"धुळीला दिवस असतात का? पावसाला विचारा."

"सांगायचं नाही?"

"कोणाला सांगू? आजारभेटीवाल्याला?" ती हसायला गेली आणि पुन्हा खोकली. "अहो, यादी कोरी आहे. पाळक दर रविवारी तुमच्याकडे बघून आभार मानतात. त्या यादीत पहिलं नाव तुमच्याच घरातलं घालू? लोक म्हणतील, बघा, बाहेर लोकांना बरं करत फिरतो. आता कुठे लोक नमस्कार करायला लागलेत."

तिला वाटत होतं ते नमस्कार आहेत. सुताराने ते तसंच राहू दिलं.

चौथ्या पेटीच्या झाकणाची फळी अर्धी कापली गेली होती, तेव्हा ती बसली. मूठ सोडून खाली, भुशात. पातं लाकडात अडकून डुलत राहिलं. सुताराने तिला उचललं. उचलताच वजन किती कमी झालंय ते त्याच्या दंडांना समजलं, आणि त्याला त्या दंडांचा राग आला.

*

तो आधी सुईणीकडे गेला. ती छपरावरून पडून पाय मोडून घेऊन घरात पडली होती.

"डोकं उंच ठेव तिचं, भाऊ," सुईण म्हणाली. "वाफ दे, घोट घोट पाणी पाज. मी आले असते. आधी ह्या पाळकाने हात बांधले, आता पाय." मग तिने पांघरूण ओढून घेतलं. "आणि माझ्या पायाकडे असा बघू नकोस. तो नुसता मोडलाय."

मग मास्तरांकडे गेला. मास्तरांच्या बायकोने दार बोटभर उघडलं.

"ते लेकीकडे गेलेत."

आतून खोकल्याची मोठी उबळ आली.

"ते मांजर आहे," ती म्हणाली.

आत मांजराने कफ काढला आणि अरे देवा म्हटलं.

"त्याला डोकं उंच ठेवून झोपवा," सुतार म्हणाला आणि निघाला.

पाळक चर्चमागच्या खड्ड्यात होता. खड्डा गुडघ्याएवढाच झाला होता, पण पाळक केसांपर्यंत मातीत होता, आणि तळहातांना फडकी बांधली होती. सुताराला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या सुतारकाका! देवाच्या दयेने काय चाललंय?"

इथे सुताराने एक वाक्य म्हणायचं होतं. माझ्या घरी चला, एवढंच. आख्ख्या वाटेने तो ते जुळवत आला होता. पण तोंड उघडल्यावर त्यातून निघालं, "घरात एकीला बरं नाही."

"कोणाच्या घरात?"

"आमच्या."

पाळक गंभीर झाला. त्याने कुदळ टेकवली, एक पाय खड्ड्याबाहेरही काढला. सुताराने त्या पायाकडे बघितलं. तो पाय काठावर बराच वेळ होता.

"मी आलो असतो," पाळक म्हणाला. "खरं सांगू? मला यावंसं फार वाटतं. पण म्हणूनच भीती वाटते. आजाऱ्याजवळ बसणं म्हणजे माझी ऊब आहे. मीच नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?" आणि मग त्याला सुचलंच. "पण काका, आजारभेट तर तुमच्याकडेच आहे! स्वतःच्या घरात सेवा करायची, याहून कठीण काय असतं? देवाने तुम्हाला केवढी संधी दिलीय बघा."

"हं," सुतार म्हणाला.

पाय खड्ड्यात परत गेला.

*

"कोण येणार म्हणाले?" सुतारणीने विचारलं. तिने केस नीट केले होते. खुर्ची अंथरुणाशी ओढून ठेवायला लावली होती.

सुतार खुर्चीवर बसला.

ती म्हणाली, "अशी नसते आजारभेट. बाहेर जा. दार वाजवा."

"उघडंच आहे."

"म्हणून वाजवायचं नाही? तुम्ही काय चोर आहात?"

तो बाहेर गेला. अंगणात वाऱ्याने भुसा उडत होता. स्वतःच्या दाराशी उभं राहून, स्वतः बसवलेल्या चौकटीवर त्याने बोटाने वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण? नीट सांगावं माणसाने."

"चर्चमधून आलोय."

"या, या. बसा. पसारा आहे, बघू नका. आमचे हे बाहेर गेलेत."

"कुठे?"

"असतील कुठेतरी फळ्यांत. सांगून जायची रीत नाही त्यांना." ती थांबली, श्वास गोळा केला. "तुम्ही भेटलात तर सांगा त्यांना. चपलेचा पट्टा तुटलाय, तसेच फिरतात. पडतील."

"सांगतो."

"आणि दुपारी जेवत नाहीत. मी नसले की."

"सांगतो."

"आणि सांगा..." इथे उबळ आली. सुतार खिडकीकडे बघत राहिला. तिच्याकडे बघायची त्याला सोय नव्हती. ती अंथरुणात रोज थोडी लहान होत होती, आणि किती लहान, हे त्याच्या डोळ्यांना बघताक्षणी समजत होतं. म्हणून तो तिच्या घरात, तिच्या उशाशी बसून, तिच्याकडे बघत नव्हता. दोन्ही पंजे त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "प्रार्थना करा."

तिने करून दिलेली चार वाक्यं शेळीला म्हणता येत होती, गिरणीवाल्याच्या आईला म्हणता आली होती. आता त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"हे प्रभू," सुतार म्हणाला. "ही बाई... ही सरळ आहे. कुठे गाठ नाही. तडा नाही. टिकाऊ आहे."

"लाकूड विकताय का?"

"नाही."

"मग चालेल. आमेन म्हणा."

"आमेन."

"बरं वाटलं," ती डोळे मिटून म्हणाली. "तुम्ही चांगले आहात. पण उद्या दुसऱ्या कोणाला पाठवा. तुम्ही घरचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पावलं वाजली. तिला ती आधी ऐकू आली. तिने हाताने पांघरुणाच्या सुरकुत्या मोडल्या. "आलं कोणीतरी. जा, आत घेऊन या. आधी चहा ठेवा."

अंगणात मास्तरांचा मुलगा टोपी हातात घेऊन फळ्यांकडे बघत उभा होता.

"ते लेकीकडे होते ना?" सुतार म्हणाला.

"हो," मुलगा म्हणाला. "तिथून आले. आणि गेले."

"आत येऊन बस थोडा. तिला बरं वाटेल."

मुलाने उघड्या दाराकडे बघितलं. आतून अगदी कमी आवाजात, पण पाहुण्याला लावायच्या सुरात, "या ना!" असं आलं.

"नको. घाई आहे," मुलगा म्हणाला. "खूप घाई आहे, काका." आणि तो धावत नाही असं दाखवत गेला.

सुतार आत आला.

"कोण होतं?"

"वाट चुकला होता."

"मग आत येऊनच विचारायची," ती म्हणाली.

मास्तरांची पेटी त्याने लहान करवतीने एकट्याने कापली. दर थोड्या वेळाने तो हात थांबवून आतला खोकला ऐकायचा. तो ऐकू आला की पुन्हा कापायला लागायचा. चांगल्या उन्हाच्या दुपारी, शेवटचा खिळा ठोकायच्या आधी, त्याने हात थांबवला आणि काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने तो खिळा ठोकला, कारण हातात होता.

*

आता लोक आले. अंगण भरलं. गिरणीवाल्याची आई काठीशिवाय आली. गाणाऱ्या बाई झाडू घेऊनच आल्या होत्या, आणि कोणी न सांगता अंगणातला भुसा झाडू लागल्या. बहिऱ्या दारवानाने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. सगळे चांगलं बोलत होते. ती किती बोलकी होती, घर कसं लखलखीत ठेवायची. हे त्यांना कुंपणावरून दिसलेलं होतं. दारातून आत मात्र कोणी गेलं नाही. आता मान दिला पाहिजे, असं म्हणाले.

मग हळूहळू सगळे फळ्यांकडे बघू लागले.

सुतारही फळ्यांकडे बघत होता. त्याने इतके दिवस बघायचं टाळलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. माप त्याला ठाऊक होतं.

पाळक पुढे आला. फडकी बांधलेल्या हातांनी त्याने जमिनीवर पडलेल्या मोठ्या करवतीची पलीकडची मूठ उचलली. "मी धरतो," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "मला जमत नाही, पण धरतो."

त्याला खरंच जमत नव्हतं. तो ओढायच्या वेळी ढकलत होता, सोडायच्या वेळी धरून ठेवत होता. पातं वाकत होतं, किंचाळत होतं, रेघ सोडून भलतीकडे जात होतं. सुतार दर वेळी थांबून पातं सरळ करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. पाळकाच्या फडक्यांमधून रक्त आलं, मुठीला लागलं, लाकडावर पडलं. मंडळी ते बघून भारावून गेली. बायका रडू लागल्या.

वाकड्या कडांची पेटी तयार झाली. सुताराने कडांवरून रंधा फिरवला, मग ठेवून दिला.

पाळक धापा टाकत भिंतीशी बसला. "काका," तो म्हणाला, "मंडळी तुमच्या पाठीशी आहे. तुम्हाला काही लागलं, काहीही, तर संकोच करू नका. फक्त लेखी द्या. मंडळीच्या पंचांसमोर ठेवतो, पुढच्या बैठकीत घेऊन टाकू."

असं म्हणायची त्याला सवय होती. सुताराने ते शब्दशः घेतलं. बोलायला त्याला कधी जमलं नव्हतं. लिहून बघितलं नव्हतं. घरात कागद नव्हता, म्हणून त्याने उरलेल्या फळीचा एक गुळगुळीत तुकडा मांडीवर घेतला, कानामागची पेन्सिल काढली, आणि लोक बघत असताना, एकेक अक्षर दाबून, हे लिहिलं:

माननीय पंच व पाळकसाहेब यांच्या सेवेशी.

विषय : आजारभेट मिळण्याबाबत.

अर्जदार मंडळीचा सभासद असून आजारभेटीच्या सेवेत आहे. अर्जदाराची पत्नी आजारी होती. ही बाब नियमाप्रमाणे आजारभेटीवाल्यास, म्हणजे अर्जदारास, वेळेवर कळवण्यात आली होती. अर्जदाराने शक्य तेवढी भेट दिली. परंतु अर्जदार घरचाच असल्यामुळे सदर भेट पत्नीने भेट म्हणून धरली नाही व ते बरोबर आहे. तरी मंडळीतर्फे एक माणूस तिच्या भेटीसाठी नेमून, सदर नेमणूक मागील तारखेपासून, म्हणजे ती खुर्ची ओढून वाट बघत होती त्या दिवसांपासून, लागू करण्यात यावी. माणूस कोणीही चालेल. प्रार्थना आली पाहिजे असं नाही. आत यावं, थोडा वेळ बसावं, कशी आहेस विचारावं आणि उठून जावं, ही नम्र विनंती.